वास येतो हो तुमच्या स्वयंपाकाचा!

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या बाईकडे सांगण्यासारखं बरंच असतं. तिथलं डिशवॉशर, तिथली थंडी, 'धुणं बाहेर वाळत घालू देत नाहीत हो!' वगैरे वगैरे. माझंही ते सगळं भिशीत सांगून झालंय. आज मात्र एका हॉटेलाबद्दल सांगायचंय. आणि त्या हॉटेलात जेवता जेवता आठवलेल्या माझ्याच एका सहीबद्दल.

लेक राहते सिल्व्हर स्प्रिंगला, वॉशिंग्टन शहराला अगदी लागून. मी पोचले तेव्हा तिला आठवा महिना लागला होता. बॅगेतून डिंक, हळीव, मेतकूट, आमसुलं असं सगळं नेलेलं. "सांग, काय खावंसं वाटतंय?" म्हणून मोठ्या हौसेनं विचारलं, तर कन्यारत्न म्हणतं, "आई, मला इंजेरा खायचाय."

"म्हणजे काय गं?"

"इथिओपियन असतं. जवळच हॉटेल आहे. चल, आजच जाऊ."

आता डोहाळे म्हणजे चिंचा, कैऱ्या, फार तर पाणीपुरी. इथिओपियन डोहाळे काही माझ्या ऐकण्यात नव्हते! शिवाय इथिओपिया म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र. १९८४-८५च्या दुष्काळातली, पोट पुढे आलेली, डोळे खोल गेलेली मुलं. त्या काळी कुणी जरा बारीक दिसली, की 'इथिओपियाहून आलीस का?' असं आम्ही सर्रास म्हणायचो आणि हसायचो. जिथे खायलाच नाही, तिथल्या लोकांचं हॉटेल? आणि तेही आफ्रिकन? माझ्या चेहऱ्यावर हे सगळं उमटलं असणार. कारण लेक म्हणाली, "आज शुक्रवार आहे आई. त्यांचाही उपास असतो. तुझ्या पोटात काही भलतंसलतं जाणार नाही."

हे मला नवीनच होतं. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. त्याशिवाय ईस्टरआधीचे ५५ दिवस वेगळे. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. त्यामुळे त्यांच्याकडे डाळी आणि भाज्यांचा स्वयंपाक चांगलाच मुरलेला आहे.

टेबलावर ताट आलं. ताट कसलं, परातच! तिघांत एक. त्यावर एक भलीमोठी करड्या-तपकिरी रंगाची आंबोळी पसरलेली आणि तिच्यावर ठिकठिकाणी भाज्या नि डाळी वाढलेल्या. वेगळी ताटली नाही, वाटी नाही, चमचा नाही. त्याच आंबोळीचा तुकडा तोडायचा आणि सगळ्यांनी एकाच ताटातून, उजव्या हातानं जेवायचं. खरं सांगते, मैत्रिणींनो, माझा हात पुढे होईना. उष्टं-खरकटं मानण्यात आयुष्य गेलेलं. मी, लेक आणि जावई एका ताटात? जावयाच्या घासाला माझा हात लागणार!

लेकीनं काही न बोलता एक तुकडा डाळीत बुडवून माझ्यापुढे धरला. खाल्ला. मसूरची तिखट आमटी, घट्टसर. मग शेजारचं पिवळसर काहीतरी घेतलं. आणि मी एकदम म्हणाले, "अगं, हे तर पिठलं!"

ते पिठलंच होतं. 'शिरो' म्हणतात त्याला. हरभऱ्याचं मसाला घातलेलं पीठ पाण्यात शिजवलेलं. आणि इंजेरा म्हणजे 'टेफ' नावाच्या धान्याची आंबोळी. दाणा खसखशीएवढा. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवायचं, मोठ्या गोल तव्यावर ओतायचं, झाकायचं, उलटायचं नाही. वर जाळी पडली पाहिजे. त्या जाळीच्या भोकांना त्यांच्याकडे डोळे म्हणतात. माझं माहेर मालवणचं. आंबोळीला जाळी पडली नाही, तर आमची आई दिवसभर हळहळायची. तिला हे डोळे दाखवायला हवे होते.

आम्ही जेवत असताना हॉटेलच्या मालकीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या. खांद्यावर पातळ पांढरी ओढणी, तिला रंगीत विणलेला काठ. लेकीचं पोट पाहिलं, हसल्या. बाजूलाच ठेवलेल्या भांड्यात हात धुतले, इंजेऱ्याचा मोठा तुकडा तोडून त्यात थोडी थोडी प्रत्येक भाजी घातली, त्याचा घास केला आणि सरळ तिच्या तोंडात भरवला. याला 'गुर्शा' म्हणतात. घास जितका मोठा, तितकी माया जास्त. आपल्याकडे डोहाळजेवणात, लग्नात, मंगळागौरीत घास भरवतात तसाच. माझी लेक परदेशात दिवस राहिलेली, माझी किती घालमेल व्हायची इकडे. आणि तिला अशी कुणी तरी तिथे घास भरवत होतीच की!

घरी परतताना जावयानं त्या हॉटेलांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. नंतर नातू झाल्यावर, त्याला मांडीवर घेऊन बसायच्या लांबलचक दुपारी मी आणखी वाचत गेले. इथिओपियात १९७४ साली लष्करानं सम्राट हैले सेलासी यांना गादीवरून खाली खेचलं. मग आली ती धरपकडीची, कत्तलींची राजवट. शिकायला म्हणून वॉशिंग्टनला आलेली मुलं परत जाऊ शकली नाहीत. मागून निर्वासित आले. अमेरिकेनं १९८०मध्ये निर्वासितांचा कायदा केला, तेव्हा येणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. आज वॉशिंग्टन आणि त्याच्या आसपासचा भाग म्हणजे आफ्रिकेबाहेरच्या सर्वांत मोठ्या इथिओपियन वस्त्यांपैकी एक आहे. टॅक्सी चालवणारे, पार्किंगच्या काउंटरवर बसणारे कितीतरी जण तिथलेच.

आणि यातलं बायकांचं काम बघा. वॉशिंग्टनमधलं पहिलं इथिओपियन हॉटेल १९७८ साली निघालं, त्याचं नाव 'मामा देस्ता'. तिथे रांधणाऱ्या देस्ता बैरू या बाईच. पुढे १९८०च्या दशकात अॅडम्स मॉर्गन भागातल्या अठराव्या रस्त्यावर अशी हॉटेलं ओळीनं निघाली, नंतर यू स्ट्रीटच्या बाजूला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर १९६८मध्ये झालेल्या दंगलीत हा यू स्ट्रीटचा भाग जळाला होता आणि पुढे कित्येक वर्षं पडीक राहिला होता. भाडी कमी होती, म्हणून हे लोक तिथे जाऊ शकले. त्यांनी दिवे लावले, रस्ता जागता केला. मग भाग 'चांगला' झाला, भाडी चढली आणि अनेकांना पुन्हा बिऱ्हाड उचलून उपनगरांत यावं लागलं. सिल्व्हर स्प्रिंगला, पलीकडे अलेक्झांड्रियाला. भाडेकरूची गोष्ट सगळीकडे सारखीच, नाही का?

मला गिरगाव-परळकडच्या खानावळी आठवल्या. गिरणीत कामाला आलेला, बायकामुलं गावी असलेला कामगार जेवायचा कुणाच्या हातचं? चाळीतल्याच एखाद्या बाईच्या हातचं. दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळचं वीस-पंचवीस जणांचं रांधणाऱ्या त्या बायकांना कुणी उद्योजिका म्हटलं नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढून त्यांना एकत्र आणलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांची दखल घेतली गेली. परक्या शहरात आलेल्या माणसाला पहिला आधार देते ती अशी एखादी बाई. तिच्याकडे भाषा नसते, भांडवल नसतं. हाताला चव असते, तेवढ्यावर ती सुरुवात करते.

आणि दुष्काळाचं म्हणाल, तर आम्हाला तरी कुठे तो नवा होता! माझं सासर साताऱ्याकडे, माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात तिथे खडी फोडायला जाणाऱ्या बायकांना सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. सासूबाई त्या मिलोच्या भाकरीचं वर्णन करायच्या, तेव्हा तोंड कडू करायच्या. पण म्हणून कुणी महाराष्ट्राच्या जेवणाचं चित्र काढताना तेवढंच काढलं, तर आपल्याला चालेल? पुरणपोळी, थालीपीठ, सोलकढी सगळं पुसून फक्त लाल मिलो? इथिओपियाचं मी आयुष्यभर तेच केलं होतं.

यातली गंमत तर पुढेच आहे. दुसऱ्यांदा गेले, तेव्हा मालकीणबाईंनी एका वाडग्यात काळे, लांबट, चकचकीत दाणे आणून दाखवले. "आमच्याकडे उपासाच्या दिवशी याच्या तेलात स्वयंपाक करतात. 'नूग' म्हणतो आम्ही." मी दाणे हातात घेतले. कारळे! सासरी जिच्याशिवाय ताट पुरं होत नाही, त्या कारळ्याच्या चटणीतले कारळे. मूळ इथिओपियाचेच. त्यांच्या शास्त्रीय नावातसुद्धा 'अॅबिसिनिका' आहे, म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव. मग हे प्रकरण उलगडतच गेलं. नाचणी मूळची इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगरांतली. ज्वारी सुदानच्या बाजूची. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची. चवळीही आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी ही धान्यं समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली, की भारताच्या पुढाकारानं २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं, तेव्हा आपण त्यांना 'आपलं पारंपरिक अन्न' म्हणूनच मिरवलं. मिरवावंच. पण आपल्या भाकरीचं माहेर आफ्रिकेत आहे, हे कुणी सांगितलं होतं का आपल्याला?

त्या दिवशी जेवण झाल्यावर कॉफी झाली. कॉफी हीसुद्धा त्यांचीच देणगी. आपल्यासारखी घाईघाईत उकळून देत नाहीत. हिरव्या बिया आपल्यासमोर भाजतात. धूर निघायला लागला, की ते भांडं प्रत्येक पाहुण्याजवळ फिरवतात आणि आपण हातानं तो धूर चेहऱ्याकडे ओढून घ्यायचा. आधी वास द्यायचा, मग पेय. शेजारी ऊद जळत असतो. मातीच्या सुरईसारख्या भांड्यातून बिनकानाच्या छोट्या कपांत तीन वेळा कॉफी ओततात. तिसऱ्या फेरीचं नाव 'बरका'. आपण बरकत म्हणतो तोच शब्द.

तो धूर नाकाशी आला आणि मला माझी सही आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात आमच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर दोन मुली भाड्यानं राहायला आल्या. टांझानियाच्या, कॉलेजात शिकणाऱ्या. लिफ्टमध्ये भेटल्या, की "गुड मॉर्निंग आंटी" म्हणायच्या. मी मान हलवायची. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला येणारी मुलं काही नवी नाहीत, पण आपल्या मजल्यावर आली, की वेगळं वाटतं. महिना-दीड महिन्यात कुजबुज सुरू झाली. "वास येतो हो त्यांच्या स्वयंपाकाचा." "काय शिजवतात कोण जाणे." मग मीटिंगमध्ये विषय निघाला. आवाजाची तक्रार नव्हती, भाडं थकलेलं नव्हतं. कागदावर लिहायला कारण हवं म्हणून 'स्वयंपाकाच्या उग्र वासामुळे होणारा त्रास' असं लिहिलं. बाराजणींच्या सह्या होत्या. चौथी माझी.

मुली महिन्याभरात गेल्या. जाताना धाकटीनं मला एका डब्यात काहीतरी आणून दिलं. "आंटी, बरोबर नेता येत नाही, तुम्हाला चालेल?" घरात येऊन उघडून पाहिलं, तर बोटाएवढी वाळवलेली मासळी. त्यांच्याकडच्या सरोवरातली, तिला 'डागा' म्हणतात, असं ती म्हणाली होती. आपल्या सुकटीची सख्खी बहीण! मालवणची मी, सुकट भाजताना खिडक्या लावून, पंखा सोडून, उदबत्ती पेटवून भाजत आले. कारण पूर्वी एकदा मलाच शेजारीण म्हणाली होती, "वास येतो हो तुमच्या स्वयंपाकाचा." आणि मी त्याच वाक्याखाली सही केली होती.

लेकीला हे सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, तुला सांगितलं नव्हतं. आम्ही लग्नानंतर पहिल्या घरात राहायचो ना, तिथे वरच्या बाईंनी ऑफिसात तक्रार केली होती. फोडणीच्या वासाची. मी चार महिने हिंग-मोहरीची फोडणीच केली नाही." माझ्या लेकीनं परक्या देशात, चार महिने, बिनफोडणीचं वरण खाल्लं. मला कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. त्या दोन मुलींच्याही आया टांझानियात कुठेतरी असतीलच.

'वास' हा शब्द फार सोयीचा आहे. माणूस नको असं तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून वास नको म्हणायचं. मुंबईत मासे-मटण खाणाऱ्यांना घर नाकारतात, तेव्हा आपण मराठी माणसं केवढी चिडतो. चिडायलाच हवं. पण तेच हत्यार आपण दुसऱ्यावर चालवतो आणि मग गोष्ट वासावर थांबत नाही. 'काय शिजवतात कोण जाणे' इथून 'काय खातात कोण जाणे' फार लांब नसतं. २०१७च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि शेजारी राहणारे नायजेरियन विद्यार्थी माणसं खातात, अशी अफवा उठली. जमावानं मॉलमध्ये घुसून आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारलं. एकविसाव्या शतकात, राजधानीच्या शेजारी! तिथल्या कुणी त्या मुलांच्या स्वयंपाकघरात एकदा तरी डोकावलं असतं, तर अशी अफवा तोंडातून तरी निघाली असती का?

मी मघापासून पिठलं, आंबोळी, कारळे असं सांगतेय. आपल्यासारखं निघालं म्हणून मला ते आवडलं, हे उघड आहे. पण त्यांच्याकडे 'किटफो'ही असतो, कच्च्या गोमांसाचा खिमा, मसाला आणि तूप घातलेला. तो मी खाल्ला नाही, खाणारही नाही. पुढच्या वेळी माझ्या मजल्यावर कुणी राहायला आलं आणि त्यांचं जेवण माझ्या जेवणासारखं अजिबात नसलं, तर? त्यांनी ते त्यांच्या घरात खावं, मी माझं माझ्या घरात. त्यांचं पिठलं माझ्या पिठल्यासारखं लागलं तरच त्यांना राहू द्यायचं, ही अट मी कोण घालणार? शेजार म्हटला, की भांडणाचे विषय असतातच. रात्री मोठ्यानं गाणी, जिन्यात कचरा, पाण्याचा नळ चालू ठेवणं. त्यावर जरूर बोलावं. परदेशी भाडेकरू असेल, तर घरमालकानं ठरलेला फॉर्म भरायचा असतो, तोही भरावा. पण वासाचा फॉर्म कुठल्या कायद्यात आहे?

हे बायकांच्या पुरवणीत लिहितेय, ते मुद्दाम. कारण आमच्या कागदावर ज्या बारा सह्या होत्या, त्या बायकांच्याच होत्या. पुरुषांनी "बायकांना त्रास होतोय" म्हणून हात वर केले. स्वयंपाकघर आपलं राज्य मानतात ना, मग तिथल्या अन्यायाची जबाबदारीही आपलीच.

परत आल्यावर मी एक केलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, की भाडेकरू ठेवताना स्वयंपाकाच्या वासावरून कुणालाही नाही म्हणायचं नाही, असा ठराव करा. एकदम शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पुढच्या मीटिंगला घेऊ." एका मैत्रिणीनं बाहेर आल्यावर विचारलं, "अमेरिकेची हवा लागली का गं?" मी म्हटलं, "नाही गं, सुकटीची लागलीय." ती हसली, पण सही करीन म्हणाली नाही. पुढच्या मीटिंगला मी पुन्हा विषय काढणार आहे.

त्या मुलींचा पत्ता माझ्याकडे नाही. डागाचा तो डबा मात्र मी धुऊन ठेवलाय. रिकामा डबा परत देऊ नये, अशी आपली रीत. तुमच्या मजल्यावर अशी कुणी नवी, लांबून आलेली मुलगी राहत असेल, तर तुम्ही तरी उशीर करू नका. वाटीभर पिठलं, एक भाकरी आणि वर कारळ्याची चटणी घेऊन तिची बेल वाजवा. आणि ती आत बोलावील, तेव्हा दारातूनच परतू नका. तिनं जे शिजवलं असेल, त्याचा वास आधी नीट घ्या. मग ठरवा, कसा आहे ते!